गरीब, आजारी आणि तरीही विम्याबाहेर: अमेरिकेतलं मेडिकेड समजून घेताना

घरातलं कुणी अमेरिकेत राहत असेल, तर थोरामोठ्यांकडून एक प्रश्न कधी ना कधी येतोच. "तिथे गरिबाला सरकार फुकट औषधपाणी देतं म्हणे. मग हॉस्पिटलच्या बिलापायी लोक कर्जात कसे बुडतात?" प्रश्न भाबडा वाटतो, पण बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवतो. सरकारी विमा आहे, गरिबाला तो जवळजवळ फुकट आहे, आणि तरीही गरीब असून वर आजारी असलेली कितीतरी माणसं त्याच्या बाहेर राहतात.

जुलै २०२५मध्ये तिथे झालेल्या एका कायद्याने हा विषय पुन्हा बातम्यांत आणला. 'महिन्याला ८० तास काम', 'दर सहा महिन्यांनी तपासणी' असे शब्द कानावर पडतात. ते कुणासाठी, कशासाठी आणि त्याने कुणाचं काय होणार, हे कळायला जरा मागून सुरुवात करावी लागते.

आधी नावांचा घोळ सोडवू

मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन वेगळ्या योजना आहेत. दोन्हींचा जन्म एकाच दिवशी, ३० जुलै १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या एकाच सहीने झाला. त्यामुळे घोळ होणं साहजिक आहे. मेडिकेअर मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी. तिथे वय पाहतात, श्रीमंती-गरिबी नाही. मेडिकेड गरिबांसाठी, आणि आपला विषय तोच.

मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात, पण कारभार राज्याचा. नियम राज्यागणिक बदलतात आणि नावंही. कॅलिफोर्नियात ते मेडि-कॅल, टेनेसीत टेनकेअर, ओक्लाहोमात सूनरकेअर, वॉशिंग्टन राज्यात चक्क ॲपल हेल्थ. 'तुमच्याकडे मेडिकेड आहे का?' असं विचारल्यावर माणूस मनापासून 'नाही' म्हणतो, कारण त्याच्या कार्डावर तो शब्दच नसतो. ज्या योजनेचं नाव लाभार्थ्यालाच ठाऊक नाही, ती शेजाऱ्याला तो काय सांगणार?

नुसतं गरीब असून भागत नव्हतं

सुरुवातीची कित्येक दशकं मेडिकेड मिळायला गरिबीच्या जोडीला आणखी काहीतरी लागायचं. स्वतः लहान मूल असणं, गरोदर असणं, अगदी तुटपुंज्या उत्पन्नाचा पालक असणं, म्हातारपण, किंवा सरकारने मान्य केलेलं अपंगत्व. मूलबाळ नसलेला पन्नाशीचा गरीब माणूस यातल्या कुठल्याच खणात बसत नसे. मधुमेह असो, दमा असो, बहुतेक राज्यांत त्याला दार बंद.

मार्च २०१०मध्ये ओबामांच्या काळात झालेल्या आरोग्य कायद्याने हे खण मोडले. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत असेल, तर प्रौढ माणसाला एवढ्यावरच मेडिकेड मिळावं, असं ठरलं. २०२५च्या आकड्यांनुसार एकट्या माणसासाठी दारिद्र्यरेषा वर्षाला १५,६५० डॉलर होती, म्हणजे १३८ टक्क्यांची मर्यादा साधारण २१,६०० डॉलर, महिन्याला १,८०० डॉलर. पण जून २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही वाढ राज्यांवर लादता येणार नाही, ज्यांना हवी त्यांनी घ्यावी. जानेवारी २०१४पासून राज्यं एकेक करून आत आली. मिझुरी, ओक्लाहोमासारख्या काही ठिकाणी आमदारांनी टाळाटाळ केली, तेव्हा मतदारांनी सार्वमतातून योजना आणली. आज ४० राज्यं आत आहेत आणि १० बाहेर. बाहेरच्यांत टेक्सस आणि फ्लोरिडा ही दोन मोठी.

बाहेरच्या बहुतेक राज्यांत एक विचित्र खड्डा तयार झाला. कायदा लिहिताना धरून चाललं होतं की दारिद्र्यरेषेखालच्यांना मेडिकेड मिळणारच. म्हणून खाजगी विम्याच्या हप्त्यासाठीची सरकारी मदत दारिद्र्यरेषेच्या वरच्यांपुरतीच ठेवली. आता टेक्ससमधला, मूलबाळ नसलेला एकटा माणूस घ्या. वर्षाला २०,००० डॉलर कमावत असेल, तर त्याला हप्त्यासाठी मदत मिळते. आजारी पडला, तास कमी झाले, कमाई १२,००० डॉलरवर आली, की मदत बंद आणि मेडिकेडही नाही. जितका गरीब, तितका उघड्यावर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझीच काहीतरी चूक होतेय असं वाटून आकडे उलटसुलट तपासले होते.

अशा माणसाला उरतो एकच रस्ता, अपंगत्व सिद्ध करण्याचा. गरिबांसाठीचा जो अपंगत्व भत्ता आहे, त्यासाठी एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. ही मर्यादा १९८९पासून जागची हललेली नाही. निकाल यायला महिनोन्‌महिने लागतात. आणि नोकरीच्या काळात भरलेल्या वर्गणीवर मिळणारा दुसरा अपंगत्व लाभ मंजूर झाला, तरी त्यासोबतचं मेडिकेअर सुरू व्हायला आणखी २४ महिने थांबावं लागतं.

फुकट आहे म्हटल्यावर लोक धावत येणारच की!

विमा कंपन्यांना एक जुनी धास्ती असते. विमा घ्यायला आधी कोण येणार? ज्याला ठाऊक आहे की आपल्याला बिल येणार आहे, तो. धडधाकट माणूस हप्ता वाचवतो, आजारी माणूस रांगेत पुढे उभा राहतो. याला 'प्रतिकूल निवड' म्हणतात. या हिशेबाने मेडिकेडसारख्या फुकट विम्यात तर आजारी गरीब एकजात आत असायला हवेत.

थोड्या प्रमाणात तसं होतंही. आजार माणसाला दवाखान्यात नेतो आणि तिथला कर्मचारी अर्ज भरून घेतो. पण मेडिकेडचा हप्ता पैशात नसला तरी तो असतोच. तो कागदात असतो.

ओरेगन राज्यात २००८ साली घडलेली गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. राज्याकडे गरीब प्रौढांसाठीच्या योजनेत थोडे पैसे आले, साधारण १०,००० जागांपुरते. इच्छुक होते ९०,०००च्या आसपास. राज्याने सोडत काढली. नाव नोंदवणं मुद्दाम सोपं ठेवलं होतं, नाव-पत्ता दिला की झालं. सोडतीत ३५,००० जणांची नावं निघाली. त्यांना अर्जाचा फॉर्म गेला आणि तो भरून परत करायला ४५ दिवस दिले.

लॉटरी लागली, बक्षीस घ्यायला फक्त फॉर्म भरायचा. किती जणांनी भरला? सुमारे ६० टक्क्यांनी. आलेल्या अर्जांतले जवळपास निम्मे पुन्हा बाद झाले, बहुतेक उत्पन्नाच्या अटीवर. शेवटी ज्यांचं नाव निघालं त्यांतले साधारण ३० टक्केच विम्यात पोचले. हे सगळे स्वतःहून नाव नोंदवलेले, म्हणजे गरज वाटलेले लोक होते, हे विसरू नका.

फॉर्ममध्ये असं असतं तरी काय?

ओहायोतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. खरी कुणी नाही, पण अशा पुष्कळ आहेत. वय ५२, गोदामात खोकी भरायचं काम, ताशी १४ डॉलर, आठवड्याला साधारण २८ तास. महिन्याचे होतात १,७०० डॉलरच्या आसपास. मर्यादा १,८००. म्हणजे ती पात्र आहे. तिला मधुमेह आहे आणि पायाला एक जखम आहे, जी भरत नाही.

तिला काय दाखवायचं आहे? गेल्या काही आठवड्यांच्या पगाराच्या स्लिपा. पण गोदामाचा ठेकेदार मध्येच बदलला, त्यामुळे जुन्या स्लिपा एका ॲपवर, ज्याचा पासवर्ड गेला, आणि नव्या दुसऱ्या ॲपवर. राहण्याचा पुरावा हवा, तर ती बहिणीच्या घरात राहते आणि भाड्याच्या करारावर नाव बहिणीचं. घरात किती माणसं धरायची? बहीण धरायची की नाही? फॉर्ममध्ये 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ एकत्र जेवणारी माणसं असा नसून एकत्र कर भरणारी असा आहे, हे तिला कोण सांगणार? मदतीच्या फोनवर बराच वेळ संगीत वाजतं. गोदामात कामाच्या वेळी फोन जवळ ठेवू देत नाहीत.

यातलं एकेक पाहिलं तर काहीच अवघड नाही. घरात बसलेल्या, डोकं ताजं असलेल्या माणसाला दोन तासांचं काम. पण तिच्या पायात कळ आहे, साखर वरखाली झाली की सकाळी डोळ्यांपुढे धुरकट दिसतं, आणि सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा पगार जातो. ज्या आजारासाठी विमा हवा, तोच आजार विम्याचा फॉर्म भरू देत नाही. नैराश्य असलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. तिथे आजाराचं लक्षणच मुळी टपालाने आलेलं पाकीट न उघडणं हे असू शकतं.

वर धास्ती वेगळीच. १९९३च्या एका कायद्याने पंचावन्नपुढच्या लाभार्थ्यावर झालेला दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च त्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेतून वसूल करणं राज्यांना बंधनकारक केलं. मुख्यतः दीर्घकालीन शुश्रूषेपुरती असलेली ही गोष्ट ऐकीव होत होत 'मेडिकेड घेतलं की घर जातं' एवढीच उरते. काही राज्यं इतर उपचारांचाही खर्च वसूल करू शकतात, म्हणून ही भीती पूर्ण खोटी आहे असंही म्हणता येत नाही. परदेशातून आलेल्यांचा पेच निराळा. ग्रीनकार्ड मिळाल्यावरही बहुतेक प्रौढांना पाच वर्षं थांबावं लागतं, आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळी हे नडेल की काय ही शंका डोक्यात असते ती असतेच.

एकदा आत गेलं की झालं, असं नाही

आपल्याकडच्या पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर महिना सांगावा लागत नाही. हयातीचा दाखला द्यायचा. दिला नाही, तर माणूस जिवंत असला तरी पेन्शन थांबते. मेडिकेडमध्येही असाच दाखला द्यावा लागतो, फक्त हयातीचा नाही, गरिबीचा. दरवर्षी पात्रता पुन्हा तपासली जाते.

करोनाच्या काळात मार्च २०२०पासून ही तपासणी थांबवली होती. एकदा आत आलेल्याला कुणी बाहेर काढायचं नाही, असा नियम होता. त्या तीन वर्षांत मेडिकेड आणि मुलांसाठीची जोड योजना मिळून लाभार्थी सुमारे ७.१ कोटींवरून ९.४ कोटींवर गेले. ३१ मार्च २०२३ला सवलत संपली आणि राज्यांनी सगळ्यांची फेरतपासणी सुरू केली. पुढच्या काळात अडीच कोटींहून जास्त लोकांचं नाव कापलं गेलं.

यात खरे अपात्र असणारच. कुणाला नोकरी लागली, कुणाचा पगार वाढला. पण कापलेल्यांतल्या जवळपास ७० टक्के लोकांचं कारण 'उत्पन्न जास्त' हे नव्हतं. कारण होतं 'प्रक्रिया'. पत्र पोचलं नाही, पत्ता जुना होता, फॉर्म परत आला नाही, एक सही राहिली. यांतले किती पात्र होते हे त्या कागदावरून कळत नाही, कारण पात्रता तपासण्यापर्यंत गाडी गेलीच नाही.

धडधाकट तरुणाचं नाव असं गळलं, तर त्याला ते कदाचित वर्षभर कळणारही नाही. मधुमेहाच्या बाईला ते औषधाच्या दुकानात, काउंटरवर उभं असताना कळतं.

धडधाकट माणसाने काम केलं तर बिघडलं कुठे?

नव्या कायद्याच्या बाजूने सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा हाच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. करदात्याच्या पैशांवर मिळणाऱ्या सोयीच्या बदल्यात, ज्याला जमतं त्याने काहीतरी करावं, ही भावना सगळीकडेच असते. कायदा म्हणतो, विस्तारामुळे, म्हणजे २०१०च्या कायद्याने केलेल्या वाढीमुळे, आत आलेल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा करावी, किंवा महिन्याला ५८० डॉलर कमाई दाखवावी. राज्यांनी हे १ जानेवारी २०२७पर्यंत सुरू करायचं आहे. याच लोकांची फेरतपासणी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होणार.

हा प्रयोग आधी झालेला आहे. आर्कान्सॉ राज्याने जून २०१८मध्ये ३० ते ४९ वयाच्या लोकांना महिन्याला ८० तासांची अट घातली. तास कळवायचे इंटरनेटवरूनच. राज्यातल्या गरिबांत इंटरनेट नसलेले पुष्कळ. त्यातही पोर्टल रात्री ९ला बंद व्हायचं आणि सकाळी ७ला उघडायचं. होय, वेबसाइटला दुकानासारखं शटर होतं! तीन महिने नोंद चुकली की वर्षअखेरपर्यंत विमा बंद. काही महिन्यांतच १८,०००हून अधिक लोक बाहेर गेले. मार्च २०१९मध्ये न्यायालयाने योजना थांबवली.

नंतर झालेल्या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या. अट घातल्यामुळे काम करणाऱ्यांची संख्या वाढली नाही. आणि ज्यांना अट लागू होती त्यांतले ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीपासूनच काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. म्हणजे गळाले ते बहुतांशी आळशी नव्हते. गळाले ते नोंद न जमलेले. जॉर्जियाने जुलै २०२३पासून कामाच्या अटीसकट मर्यादित मेडिकेड सुरू केलं, तिथे पहिल्या वर्षअखेर पाच हजार लोकही आत आले नव्हते. राज्याची अपेक्षा याच्या कितीतरी पट होती.

आता ओहायोच्या त्या बाईकडे परत या. डिसेंबरात सणासुदीची गर्दी, गोदामात आठवड्याला ४० तास मिळाले. महिन्याची कमाई २,४०० डॉलरवर गेली, मर्यादेच्या वर. नेमकी तेव्हाच फेरतपासणी आली, तर जास्त कमावलं म्हणून अडचण. फेब्रुवारीत पायाची जखम चिघळली, तीन आठवडे घरी. कमाई ५८० डॉलरच्याही खाली. आता कमी काम केलं म्हणून अडचण. नोटीस आल्यापासून उत्तर द्यायला ३० दिवस. माणूस तोच, पाय तोच, गोदाम तेच.

पण आजारी लोकांना सूट आहे ना?

आहे. कायद्यात 'वैद्यकीयदृष्ट्या दुर्बल' असा वर्ग आहे. अंध, अपंग, व्यसनाचा आजार असलेले, काम अशक्य करणारा मानसिक आजार असलेले, गंभीर किंवा गुंतागुंतीचा आजार असलेले यात येतात. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या पालकांनाही सूट आहे.

वाचताना बरं वाटतं, पण सूट दरवेळी आपोआप लागेलच असं नाही, ती मागावी लागू शकते. म्हणजे कामावर जाणाऱ्या निरोगी माणसाला एक पुरावा द्यायचा आहे, कामाचा, जो बऱ्याचदा पगाराच्या सरकारी नोंदीतून राज्याला परस्पर मिळतो. आजारी माणसाला आपला आजार पुरेसा गंभीर आहे हे दाखवावं लागू शकतं. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीसाठी डॉक्टरची भेट. भेटीसाठी विमा. दमा गंभीर कधी? साखर कितीवर गेली की 'गुंतागुंतीची'? पाठीचं दुखणं रोज असतं, पण रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, त्याचं काय? या रेषा बऱ्याच अंशी राज्यं आखणार. त्यामुळे एका राज्यात सूट मिळालेला आजारी माणूस शेजारच्या राज्यात 'धडधाकट' ठरू शकेल.

आणखी एक गाठ आहे, जिच्याकडे लोकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. कामाच्या अटीवर मेडिकेड नाकारलं गेलं, तर खाजगी विम्याच्या हप्त्यासाठीची सरकारी मदतही मिळणार नाही, असं कायदा सांगतो. म्हणजे एक दार लागलं की दुसरंही लागतं. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की या एकूण कायद्यामुळे २०३४पर्यंत सुमारे एक कोटी जास्त लोक विम्याशिवाय असतील. त्यात कामाच्या अटीचा वाटा मोठा आहे.

वेळ आलीच, तर हॉस्पिटल नाही म्हणू शकत नाही

हेही खरं, पण अर्धं. १९८६च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या कुणालाही, खिशात पैसे असोत-नसोत, तपासावं लागतं आणि तब्येत स्थिर करावी लागते. स्थिर करणं म्हणजे बरं करणं नाही. साखर ६००वर गेलेल्या बाईची साखर तिथे खाली आणतील. पुढच्या महिन्याचं इन्सुलिन, पायाच्या जखमेची रोजची मलमपट्टी, डोळ्यांची तपासणी यातलं काही त्या कायद्यात येत नाही. आणि बिल येतंच.

हॉस्पिटललाही हे परवडत नाही, म्हणून अनेक ठिकाणी खाटेपाशीच मेडिकेडचा अर्ज भरून घेतात. आजवर एक मोठी सोय होती. अर्ज आज केला, तरी आधीच्या तीन महिन्यांतली बिलं, त्या काळात पात्र असल्यास, मेडिकेड भरत असे. अपघात झाला, महिनाभर शुद्ध नव्हती, मग अर्ज केला, तरी चालायचं. नव्या कायद्याने विस्तारातून आलेल्या प्रौढांसाठी ही मुदत जानेवारी २०२७पासून तीन महिन्यांवरून एक महिन्यावर आणली आहे. उशिरा अर्ज करणारे कोण असतात? जे अंथरुणावर असतात ते.

बरं, विमा मिळाल्याने तब्येत सुधारते का?

शहाणा आक्षेप आहे, आणि याला सोपं उत्तर नाही. ओरेगनच्या सोडतीमुळे संशोधकांना आयती संधी मिळाली. नाव निघालेले आणि न निघालेले, दोन्ही गट सारखे, फरक फक्त नशिबाचा. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर यांत ठळक फरक सापडला नाही. मेडिकेडच्या विरोधकांनी हे निष्कर्ष पुष्कळ मिरवले. आपत्कालीन विभागाच्या फेऱ्या कमी होतील असं समर्थक म्हणत होते, त्या उलट सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. तेही चुकलेच.

पण त्याच अभ्यासात नैराश्याचं प्रमाण जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटलेलं दिसलं. मधुमेहाचं निदान आणि त्यावरची औषधं वाढली. आणि घर बुडवणारा दवाखान्याचा खर्च जवळपास नाहीसा झाला. विमा ही मुळात पैशाच्या संकटासाठीची गोष्ट आहे. छत्रीने पाऊस थांबला नाही म्हणून तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

जीव वाचतात का, याचं उत्तर द्यायला ओरेगनचा गट लहान होता. तिथे मदतीला आला एक विलक्षण योगायोग. विमा नसल्याबद्दल ज्यांनी कर भरताना दंड भरला होता, अशा सुमारे ४५ लाख कुटुंबांना कर खात्याने पत्रं पाठवायचं ठरवलं, की बाबांनो, विम्याचे हे पर्याय आहेत. पैसे कमी पडले, म्हणून ३९ लाखांनाच पत्रं गेली. कुणाला गेली, कुणाला नाही, हे यदृच्छेने ठरलं. २०१७ची ही गोष्ट. पत्र मिळालेल्यांत विमा घेणारे वाढले, काही मेडिकेडमध्ये गेले, काही खाजगीत. आणि ४५ ते ६४ वयोगटात दर १,६४८ पत्रांमागे पुढच्या दोन वर्षांत एक मृत्यू कमी झाला.

एका साध्या पत्राने, ज्यात फुकट काहीच वाटलं नव्हतं. आधीपासून उघड्या असलेल्या दाराकडे बोट दाखवलं होतं, इतकंच.

मग पुरावा मागायचाच नाही का?

मागावा. सार्वजनिक पैसा आहे, विस्तारातल्या लोकांच्या खर्चाचे दर दहा डॉलरमधले नऊ केंद्र सरकार देतं, तेव्हा हिशेब हवाच. प्रश्न एवढाच की पुरावा गोळा करायची दगदग कुणी करायची, अर्जदाराने की सरकारने.

सरकारकडे बरीच माहिती असते. पगाराच्या नोंदी असतात, कराची विवरणपत्रं असतात, अन्न-मदतीच्या योजनेत तपासलेलं उत्पन्न असतं. त्यावरून लाभार्थ्याला न विचारता परस्पर नूतनीकरण करायची पद्धत आहे, तिला तिथे 'एक्स पार्टे' म्हणतात. राज्यांना आधी हीच पद्धत वापरून पाहायची आहे, फॉर्म नंतर. जिथे संगणक यंत्रणा नीट आहे तिथे फॉर्म न पाठवताच लोकांचं नूतनीकरण होतं. जिथे ती जुनाट आहे तिथे पाकिटं निघतात.

आजारामुळे कामाच्या अटीतून मिळणाऱ्या सवलतीलाही हेच लागू पडतं. ओहायोची ती बाई दर महिन्याला इन्सुलिन घेते, त्याचं बिल मेडिकेड भरतं. पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगची बिलंही तिथेच जातात. तिला मधुमेह आहे हे राज्याला ठाऊक आहे, प्रत्येक बिलावर आजाराचा सांकेतिक क्रमांक असतो. त्या बिलांवरून सूट परस्पर लावता येते, चिठ्ठी मागावी लागत नाही. पण हे जमतं ते आधीपासून आत असलेल्याच्या बाबतीत. कायदा नव्या अर्जदाराकडून अर्जाच्या आधीच्या एक ते तीन महिन्यांचाही हिशेब मागतो, कामाचा किंवा सवलतीच्या कारणाचा. आणि जी बाई गेली दोन वर्षं विम्याशिवाय राहिली, जखम घरीच धूत राहिली, तिच्या नावापुढे राज्याच्या संगणकात एकही बिल नसतं.